ग्रुप सोडावा, पण कसा?

हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाने एक तरी ग्रुप फुटताना पाहिला असेल. मेसचा, क्रिकेटचा, नाहीतर गॅदरिंगचा. गेल्या सेमिस्टरला आमच्या मजल्यावर फर्स्ट इयरला रात्री जेवणानंतर प्रोग्रॅमिंग शिकवणारा ग्रुप फुटला. दोन सीनियर्सचं वाजलं. कारण ऐकाल तर हसाल : आधी सी शिकवायचं की पायथन! एक जण रागाने निघून गेला आणि वर्षभर जमवलेल्या प्रॉब्लेम्सचा पेन ड्राइव्हही घेऊन गेला. भांडण दोघांचं, पण व्हायव्हात दांडी उडाली फर्स्ट इयरची.

गंमत म्हणजे ज्या पायथनवरून हे रामायण घडलं, त्याच्या जनकालाही मतभेदांमुळेच पद सोडावं लागलं होतं. पण त्याची सोडण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे.

गुइडो व्हॅन रॉसम हा मूळचा नेदरलँड्सचा. १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत अॅमस्टरडॅममध्ये त्याने पायथन लिहायला घेतली आणि १९९१ मध्ये ती जगासमोर आली. प्रोग्रॅमिंग सर्वांना यायला हवं, शाळकरी मुलांनासुद्धा, अशी योजनाच त्याने १९९९ मध्ये मांडली होती. भाषेत काय घ्यायचं, काय नाही, यावर शेवटचा शब्द त्याचा. म्हणून लोक त्याला गमतीने 'तहहयात दयाळू हुकूमशहा' म्हणत.

२०१८ मध्ये एका प्रस्तावावरून ठिणगी पडली. प्रस्ताव क्रमांक ५७२. व्हेरिएबलला किंमत देणं आणि ती लगेच तपासणं, हे एकाच ओळीत करता यावं म्हणून 'कोलन आणि बरोबर' असं जोडचिन्ह (:=) आणायचं. आडवं पाहिलं तर ते वॉलरस या प्राण्याच्या डोळ्यांसारखं आणि सुळ्यांसारखं दिसतं, म्हणून त्याचं नाव वॉलरस!

एवढ्याशा चिन्हावरून एवढं काय? पण विरोधकांचा मुद्दा साधा होता. एकाच कामाला दोन चिन्हं झाली तर नवशिक्या गोंधळणार. सीमध्ये 'इफ'च्या कंसात दोनदा बरोबरऐवजी एकदाच बरोबर लिहून आपण किती रात्री जागलो, ते आठवा! समर्थक म्हणत, चिन्हच वेगळं आहे, मग ती चूक होईलच कशी? दोन्ही बाजूंना तथ्य होतं. पण काही महिन्यांत वाद चिन्हाचा राहिला नाही, माणसांवर आला.

गुइडोने प्रस्ताव मंजूर केला आणि १२ जुलै २०१८ रोजी सहकाऱ्यांना पत्र लिहून पद सोडलं. इतकं झगडावं लागतं, आणि एवढं करूनही लोकांना आपला निर्णय आवडत नाही, याचा थकवा त्याने लपवला नाही. मात्र त्याने वारस नेमला नाही. पुढे कारभार कसा चालवायचा ते तुम्हीच ठरवा, म्हणाला. आणि नव्या मंडळींना मार्गदर्शन करायला मी आहेच, हेही सांगितलं. भाषा जिथल्या तिथे राहिली. डेव्हलपर्सनी २०१८ च्या डिसेंबरमध्ये मतदान करून पाच जणांचं मंडळ नेमायचं ठरवलं. २०१९ च्या पहिल्या निवडणुकीत त्या पाचांत खुद्द गुइडोही निवडून आला! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पायथन ३.८ बरोबर वॉलरसही आला.

आता उलटं उदाहरण घ्या. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या एका प्रोग्रॅमरचं 'एनपीएम' या कोड ठेवण्याच्या भांडारवाल्यांशी एका नावावरून बिनसलं. त्याने आपली २७३ पॅकेजेस तिथून काढून घेतली. त्यात 'लेफ्ट-पॅड' नावाचा जेमतेम ११ ओळींचा कोड होता. त्यावर कितीतरी मोठे प्रोजेक्ट्स उभे होते, ते धडाधड अडकले. त्याची तक्रार कदाचित रास्तही असेल. पण ज्यांचा भांडणाशी संबंध नव्हता, त्यांचं काम बंद पडलं. भांडाराला तो कोड परत ठेवावा लागला आणि पॅकेज काढून घेण्याचे नियमही कडक करावे लागले.

थोडक्यात काय, न पटल्यावर बाहेर पडणं हा गुन्हा नाही. थकलेल्या माणसाने मन मारून थांबलंच पाहिजे असंही नाही. पण आपण शिकवलेलं, जमवलेलं एव्हाना दुसऱ्या कोणाच्या तरी पायाखालची फरशी झालेलं असतं. जाताना ती उखडू नये, एवढंच.

आणि दादा, हे वाचत असशील तर तो पेन ड्राइव्ह फर्स्ट इयरच्या खोलीत ठेवून दे. आत्ताच त्याच्याशी बोलायला हवं असं काही नाही.