परदेशी प्रयोगशाळेतील विद्यार्थ्यांची उमेदवारी

परदेशातील विद्यापीठांच्या वैद्यकीय प्रयोगशाळांत काही आठवडे किंवा काही महिने राहून संशोधनाचे काम शिकण्याची संधी पदवीच्या विद्यार्थ्यांना मिळू शकते. या अल्पकालीन उमेदवारीस संशोधन आंतरवासिता किंवा इंटर्नशिप असे म्हणतात. तिच्याविषयी दोन टोकांचे समज आढळतात. परदेशी विद्यापीठाचे नाव प्रमाणपत्रावर आले की मुलाचे भवितव्य घडले, असे काही पालकांना वाटते. शिकाऊ विद्यार्थ्याच्या हातून दोन-तीन महिन्यांत कसले संशोधन होणार, असे इतर काहीजण म्हणतात. वैद्यकीय संशोधनाचा इतिहास पाहिला असता हे दोन्ही समज अपुरे ठरतात.

स्वादुपिंडातील बेटे

१८६९ साली बर्लिन येथे पॉल लांगरहान्स या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात सशाच्या स्वादुपिंडाची सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी रचना वर्णिली. पाचकरस तयार करणाऱ्या पेशींच्या दरम्यान त्याला निराळ्याच पेशींचे लहान लहान पुंजके आढळले. त्यांचे कार्य काय असावे हे आपणास सांगता येत नाही, असे त्याने प्रामाणिकपणे नमूद केले. पुढे १८८९ मध्ये मिंकोव्स्की व फॉन मेरिंग या संशोधकांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकल्यास त्याला मधुमेह होतो, हे दाखवून दिले. १८९३ मध्ये लागेस या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्या पुंजक्यांना ‘लांगरहान्सची बेटे’ असे नाव दिले. जे दिसले ते नेमकेपणाने नोंदविणे आणि जे कळले नाही ते कळले असे न म्हणणे, एवढेच त्या विद्यार्थ्याने केले होते; परंतु मधुमेहावरील पुढील संशोधनाला त्याचाच आधार मिळाला.

टोरांटोतील उन्हाळा

या पुंजक्यांतील स्राव वेगळा काढता येईल, अशी कल्पना घेऊन फ्रेडरिक बँटिंग हे तरुण शस्त्रवैद्य कॅनडातील टोरांटो विद्यापीठात प्राध्यापक मॅक्लाउड यांच्याकडे गेले. मॅक्लाउड यांनी त्यांना जागा, प्रयोगासाठी कुत्री आणि विद्यार्थी सहायक देऊ केले. चार्ल्स बेस्ट व क्लार्क नोबल या दोघांपैकी आधी कोणी काम करावे, हे नाणे उडवून ठरले आणि पहिली पाळी बेस्टकडे आली. मे १९२१ मध्ये काम सुरू झाले तेव्हा बेस्टचे वय २२ वर्षांचे होते. रक्तातील व लघवीतील साखर मोजण्याचे काम त्याच्याकडे होते. आरंभी या कामाबद्दल त्याला वेतन नव्हते.

बेस्टची काचपात्रे अस्वच्छ व द्रावणे सदोष असल्याचे आढळल्यावरून बँटिंग यांनी त्याला कठोर शब्दांत सुनावले होते, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्यानंतर बेस्टने सर्व पात्रे धुऊन काढली आणि द्रावणे नव्याने तयार केली. हा प्रसंग किरकोळ नव्हे. मोजमाप चुकीचे असेल तर औषधाचा गुण आला की नाही, हेच कळू शकत नाही. ३० जुलै १९२१ रोजी स्वादुपिंडाचा अर्क टोचल्यानंतर एका कुत्र्याच्या रक्तातील साखर तासाभरात ०.२० टक्क्यांवरून ०.१२ टक्क्यांवर आली. या आकड्यांवर विसंबता आले ते काळजीपूर्वक केलेल्या मोजणीमुळे.

तथापि प्रयोगशाळेतील यश म्हणजे औषध नव्हे. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या रुग्णालयात १४ वर्षांच्या एका मधुमेही मुलाला हा अर्क टोचण्यात आला, तेव्हा अर्कातील अशुद्धतेमुळे समाधानकारक गुण आला नाही. जेम्स कॉलिप या जीवरसायनशास्त्रज्ञाने शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीपासून देण्यात आला आणि मुलाची प्रकृती सुधारली. एका विद्यार्थ्याचे काम किती जणांच्या कामात गुंफलेले असते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

श्रेयाचा प्रश्न

इन्सुलिनच्या शोधाबद्दल १९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग व मॅक्लाउड यांना मिळाले. बेस्ट व कॉलिप यांची नावे त्यात नव्हती. बँटिंग यांनी आपल्या रकमेतील अर्धा वाटा बेस्टला आणि मॅक्लाउड यांनी आपला अर्धा वाटा कॉलिप यांना दिला. अमेरिकेतील बाल्टिमोर येथेही असाच प्रश्न उद्भवला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत जे मॅक्लीन हा वैद्यकाचा विद्यार्थी रक्त गोठविणाऱ्या द्रव्याचा अभ्यास करीत होता. १९१६ मध्ये त्याला यकृतातील अर्कात उलट गुणाचे, म्हणजे रक्त गोठू न देणारे, द्रव्य आढळले. हॉवेल यांनी संशोधन पुढे नेले आणि १९१८ मध्ये ‘हेपॅरिन’ हे नाव रूढ केले. शस्त्रक्रियेत व रक्तशुद्धीकरणात आज या औषधाचा मोठा आधार आहे. मात्र शोधाचे श्रेय कोणाचे, हा वाद दीर्घकाळ चालला.

असे वाद टाळण्यासाठी आता लेखी निकष आहेत. १९७८ मध्ये व्हँकुव्हर येथे प्रथम भरलेल्या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या मंडळाने पुढे लेखकत्वाच्या अटी ठरविल्या. कामात भरीव सहभाग, लेखाच्या लेखनात वा चिकित्सक पुनर्लेखनात वाटा, अंतिम मसुद्यास मान्यता आणि मजकुराची जबाबदारी, या चारही गोष्टी असतील तरच नाव लेखक म्हणून येते. केवळ तांत्रिक साहाय्य करणाऱ्यांचा उल्लेख आभारात होतो. उमेदवार विद्यार्थ्याला हे आरंभीच ठाऊक असले पाहिजे.

स्वदेशी उपयोग

मराठी वाचकांना परिचित असलेल्या डॉ. कमला सोहोनी या अल्पकालीन उमेदवार नव्हत्या, तर डॉक्टरेटसाठी केंब्रिजला गेलेल्या संशोधक विद्यार्थिनी होत्या. तेथील जीवरसायन प्रयोगशाळेत त्यांनी बटाट्यावर काम करून वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असल्याचे दाखविले आणि १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळविली. स्वदेशी परतल्यावर मुंबईत त्यांनी कडधान्ये, नीरा अशा येथील सामान्य आहारातील पदार्थांच्या पोषणमूल्याचा अभ्यास केला. परदेशात शिकलेली पद्धत येथील प्रश्नाला लावता आली, हे त्यांच्या शिक्षणाचे खरे फलित होय.

अर्जापूर्वीची तयारी

आजची प्रयोगशाळा नियमबद्ध असते. प्रमुख संशोधकाच्या देखरेखीखाली विद्यार्थी बहुधा एखाद्या पीएच.डी. संशोधकाच्या हाताखाली काम करतो. मानवी रक्ताचे नमुने हाताळण्यापूर्वी सुरक्षिततेचे प्रशिक्षण घ्यावे लागते. रुग्णांवरील व प्राण्यांवरील प्रयोगांना नैतिकता समितीची मान्यता लागते. रुग्णांची माहिती गोपनीय ठेवावी लागते आणि नोंदवही सामान्यतः प्रयोगशाळेच्या मालकीची राहते.

विद्यार्थ्याने संस्थेच्या नावापेक्षा प्रश्नाकडे अधिक लक्ष द्यावे. आपल्यावर कोणते काम सोपविले जाणार, रोज मार्गदर्शन कोण करणार, विद्यावेतन मिळणार की उलट शुल्क भरावे लागणार, विमा व निवासाचा खर्च कोणाकडे, या बाबी निमंत्रणपत्रात लेखी असाव्यात. निमंत्रणाची खातरजमा विद्यापीठाच्या अधिकृत पत्त्यावर थेट करावी. मध्यस्थाला रक्कम देण्यासाठी शेत गहाण ठेवण्याची वेळ कुटुंबावर आली असेल, तर गावातील जाणत्या मंडळींनी ही कागदपत्रे आधी पाहण्याचा आग्रह धरावा. पर्यटनाच्या व्हिसावर प्रयोगशाळेत काम करण्याचा सल्ला कोणी देत असेल तर तो मानू नये. त्याचे परिणाम विद्यार्थ्यालाच भोगावे लागतात.

शिक्षकांना याची पूर्वतयारी कोणत्याही खर्चाशिवाय करून घेता येईल. प्रयोगवहीत तारीख घालणे, चुकलेला आकडा न पुसता एका रेघेने खोडणे, तेच मोजमाप पुन्हा करून पाहणे आणि अपेक्षेविरुद्ध आलेले उत्तर न लपविणे, या सवयी तालुक्याच्या महाविद्यालयातही लावता येतात. मॅक्लीनला अपेक्षेविरुद्ध उत्तर मिळाले होते. ते त्याने चूक समजून टाकून दिले असते, तर हेपॅरिन त्या वर्षी तरी हाती लागले नसते.