वास्तूची मर्मस्थाने सांभाळा

विजयादशमीचे सोने लुटून झाले, की गृहस्थाला दीपावलीचे वेध लागतात. भिंती उजळाव्यात, दारी तोरण बांधावे, अंगणात रांगोळी रेखावी, ही आपली जुनी रीत. पूर्वी चुन्याचा एक हात दिला आणि जमीन सारवली, की घर सणाला सिद्ध होत असे. सांप्रत मात्र सणाच्या निमित्ताने घराचा कायापालटच आरंभिला जातो.

कीर्तनाच्या निमित्ताने त्र्यंबकेश्वराच्या वाटेवरील सातपूर येथे आमचे नेहमी जाणे होते. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. पुढे सातपूरला कारखाने उभे राहिले आणि त्यांच्या आधाराने कामगारांच्या वसाहती वाढल्या. १९८२ साली नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली. त्या काळातील दोन खोल्यांच्या घरांत आज मुले, सुना, नातवंडे नांदत आहेत. म्हणून कोणी मधली भिंत काढून मोठी बैठक करतो, कोणी गॅलरी बंदिस्त करून खोली साधतो, कोणी स्वयंपाकाचा ओटा बदलतो, तर कोणी चकचकीत फरशी बसवितो. घामाच्या पैशाने घर सुखाचे करावे, यात गैर काहीच नाही. विचार करावयाचा तो केवळ क्रमाचा.

वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वास्तुविद्येचे स्वतंत्र प्रकरण आहे. वास्तुपुरुषाच्या देहावर काही मर्मस्थाने असतात. तेथे खांब, खिळे इत्यादींनी पीडा होऊ देऊ नये, असे तो आचार्य बजावतो. श्रद्धेची ही भाषा क्षणभर बाजूला ठेवली, तरी आजच्या घरालाही मर्मस्थाने आहेतच. जुन्या बांधणीत कित्येकदा विटांची भिंतच वरच्या मजल्याचा भार वाहते. ती पाडली, तर आपली बैठक ऐसपैस होईल. परंतु वर राहणाऱ्या शेजाऱ्याच्या पायाखालचा आधार जाईल. खांब आणि तुळई यांचेही तसेच. यास्तव भिंतीवर घण घालण्यापूर्वी रचनेचा जाणकार अभियंता बोलवावा आणि महानगरपालिकेची अनुमती घ्यावी. गवंडी कितीही कुशल असला, तरी हा निर्णय त्याच्यावर सोपवू नये.

फरशीचेही गणित आहे. जुनी फरशी न काढता तिच्यावर दोन इंच मसाला घालून नवी बसविली, तर शंभर चौरस फुटांच्या खोलीवर सुमारे एक टन भार वाढतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण छताला मात्र रात्रंदिवस वाहावा लागतो.

पाण्याची गोष्ट आणखी निराळी. दिवाळी पावसाळ्याच्या पाठोपाठ येते, त्या वेळी भिंतीत ओल मुरलेली असते. तिच्यावर रंग चढविला, की चार महिन्यांत पोपडे धरतात. त्याहून वाईट म्हणजे आतील लोखंडी सळ्या गंजतात, फुगतात आणि काँक्रीट फोडून बाहेर येतात. वराहमिहिराने कच्ची टेंभुर्णी, कच्चे कवठ आदी पदार्थांच्या काढ्यापासून सिद्ध होणारा ‘वज्रलेप’ सांगितला आहे. भिंतीला टिकाऊ लेप हवा, ही चिंता त्या काळीही होतीच. तेव्हा आधी गच्ची आणि नळ यांची गळती थांबवावी, भिंत वाळू द्यावी, मग रंगाचा डबा उघडावा.

आणखी एक विनंती आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातील वडीलधारी मंडळी अभ्यंगस्नान करतात. अंगाला तेल, हाताला उटणे, खाली पाणी आणि त्यात आरशासारखी गुळगुळीत फरशी! एकदा पाय घसरला, की मांडीचे हाड मोडून कित्येक वृद्ध कायमचे अंथरुणाला खिळतात. न्हाणीघरात खरबरीत फरशी आणि भिंतीला धरावयास एक भक्कम दांडा, एवढा अल्प खर्च बैठकीतील शोभेच्या छताआधी करावा.

जीर्णोद्धार हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. जीर्ण झालेल्याला उचलून धरणे, त्याचे बळ त्याला परत देणे, हा त्याचा आशय. देवालयाचा जीर्णोद्धार करताना आपण आधी पाया आणि गाभारा पाहतो, कळसाला झळाळी शेवटी देतो. राहत्या घरालाही हाच न्याय लावावा. भार वाहणारी भिंत शाबूत, छत कोरडे आणि म्हाताऱ्या माणसाचे पाऊल निर्धास्त, इतके साधले, की मग रंगरंगोटी खुशाल मनाजोगती करावी. अशा घरात लक्ष्मीपूजनाची समई उजळो आणि सर्व वाचकांची दीपावली सुखाची जावो, हीच प्रार्थना.