भरती पाहून जावं असे तलाव

वाशीच्या मिनी सीशोअरवर संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. फेऱ्या मारणारे ज्येष्ठ, सायकली शिकणारी मुलं, भेळेच्या गाड्या आणि कठड्याला टेकून फोटो काढणारी जोडपी. कठड्यापलीकडच्या पाण्याला कुणी तळं म्हणतं, कुणी खाडी. पालिकेच्या कागदावर मात्र तो 'धारण तलाव' आहे आणि तो शोभेसाठी खोदलेला नाही. पावसाळ्यात वाशी बुडू नये म्हणून तो आहे. नेरूळच्या सेक्टर २६ मधलं 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' हे उद्यानही अशाच तलावाभोवती उभं आहे. अशा तलावांची साखळी नवी मुंबईच्या खाडीकाठाने पसरली आहे, आणि शहरातल्या पक्षीनिरीक्षणाची सर्वांत सोयीची ठिकाणं याच काठांवर आहेत.

हे तलाव का खोदावे लागले, याचं उत्तर जमिनीच्या उंचीत दडलं आहे. १९७० मध्ये नवी मुंबई उभारणाऱ्या सिडकोची स्थापना झाली आणि शहर वसवायला जी जमीन हाती आली, तिचा खाडीलगतचा बराच पट्टा मिठागरांचा, खाजणांचा आणि भातखाचरांचा होता. मोठ्या भरतीला समुद्राची पातळी या जमिनीच्या वर जाते. सगळीकडे भराव टाकून जमीन उंच करणं खर्चाचं काम, म्हणून डच पद्धत पत्करली गेली: खाडीच्या बाजूने बांध, आतल्या नाल्यांच्या तोंडाशी मोठे तलाव आणि तलावातून खाडीत उघडणारी झडपांची दारं.

ही झडप वरच्या बाजूने बिजागरीवर टांगलेली असते. खाडी चढली की बाहेरच्या पाण्याचा दाबच तिला घट्ट लावून टाकतो. तेवढा वेळ शहरावर पडणारा पाऊस तलावात साठत राहतो. खाडी उतरली की आतलं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. वीज नको, राखणदार नको. इथल्या आगरी शेतकऱ्यांना यात नवल वाटलं नसावं. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून कोकणपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या बांध आणि उघाड्या, म्हणजे पाणी सोडायची दारं, बांधल्या जात होत्या. सिडकोने तेच तत्त्व शहराच्या मापाने वापरलं.

पक्ष्यांचा संबंध इथूनच सुरू होतो. ठाणे खाडीत ओहोटीला मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो. हजारो पक्षी त्यावर चरतात. भरती आली की हे ताट पाण्याखाली जातं, आणि पुढची ओहोटी येईपर्यंत टेकायला उथळ, निवांत जागा लागते. काही पक्षी धारण तलावांच्या काठांवर येतात. रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, मोठ्या संख्येने जातात ते पाम बीच रस्त्यालगतच्या पाणथळींवर: टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेमागे, एनआरआय वसाहतीजवळ आणि नेरूळच्या डीपीएस तलावात. या पाणथळी पूरनियंत्रणासाठी खोदलेल्या नाहीत, पण खाडीच्या त्याच भरती-ओहोटीवर त्या जगतात.

म्हणून इथे येणारा जाणता माणूस घड्याळाआधी पंचांग बघतो. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला भरती साधारण दुपारी बारा-साडेबाराच्या आसपास येते आणि रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते. तृतीया-चतुर्थीला ती दुपारी अडीच-तीनवर जाते. तेव्हा उधाणाचा जोर टिकून असतो, पक्षी चिखलावरून उठून आत आलेले असतात आणि ऊन कलायला लागलेलं असतं. कोळी ज्याला भांग म्हणतात, त्या अष्टमीच्या आगेमागे भरती कमजोर असते. चिखलाचा काही भाग उघडा राहतो, पक्षी बाहेरच रमतात आणि दुर्बीण घेऊन आलेला माणूस रिकाम्या पाण्याकडे बघत बसतो.

वाशी आणि नेरूळचे तलाव मात्र कुठल्याही वेळी रिकाम्या हाती परत पाठवत नाहीत. तलावाचं पाणी उतरत असेल, तर नाल्याच्या तोंडाशी थांबावं. लाल काड्यांसारख्या पायांचा शेकाट्या गुडघाभर पाण्यात चालत सुईसारखी चोच डावी-उजवीकडे टोचत असतो. काठावरच्या दगडावर वंचक मान खांद्यात घालून बसलेला असतो, चिखलाच्याच रंगाचा. तो उडाला की पांढरेशुभ्र पंख उघडतात आणि मगच तो तिथे होता हे कळतं. पाणकावळे पंख पसरून वाळत असतात. खंड्याचं निळं पाठमोरं रूप एखाद्या केबलवर दिसतं. तुतवार शेपूट वरखाली हलवत दगडांवरून फिरतो. हिवाळ्यात हळदी-कुंकू बदकं, शराटी आणि क्वचित चित्रबलाकही दिसतात. तिवरांच्या गर्द फांद्यांत दिवसा झोपलेले रातबगळे शोधायला डोळे थोडे सरावावे लागतात.

रोहितांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. धाकटा रोहित गर्द चोचीचा, गडद गुलाबी आणि पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळावर जगणारा. मोठा रोहित उंच, फिकट, आणि त्याच्या गुलाबी चोचीचं फक्त टोक काळं. खाडीतल्या सांडपाण्याने शेवाळ माजलं आणि नव्वदच्या दशकापासून त्यांची संख्या वाढत गेली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) गणनेत ती लाखापुढे गेलेली आहे. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळाला. नवी मुंबई स्वतःला 'फ्लेमिंगो सिटी' म्हणवते आणि चौकाचौकांत त्यांचे पुतळे उभे आहेत.

खऱ्या पक्ष्यांचं मात्र पाण्यावाचून भागत नाही. २०२४ मध्ये डीपीएस तलावात खाडीचं पाणी येण्याचा मार्ग अडला, तलाव कोरडा पडत गेला आणि तिथल्या काही रोहितांचा मृत्यू झाला. धारण तलावांचं दुखणं याच्या उलट आहे. तिथे काही दारं गंजली, झडपा नीट लागेनाशा झाल्या. भरतीचं पाणी आत शिरू लागलं आणि येताना गाळ व तिवराच्या बिया घेऊन आलं. नाल्यांतूनही गाळ येतच होता. पाहता पाहता तलावांत कांदळवन उभं राहिलं. २००५ च्या अंतरिम आदेशाने आणि २०१८ च्या निकालाने मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाच्या तोडीवर बंदी घातली. त्यामुळे गाळ काढायचा तर न्यायालयाची परवानगी हवी, आणि गाळ तसाच राहिला तर साठवण घटते. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की सखल भागांत पाणी तुंबतं, मग पंप लावावे लागतात.

यावर दोन बाजू पडल्या आहेत. एकीला सगळा तलाव उपसून हवा आहे, दुसरीला एका फांदीलाही हात लावू द्यायचा नाही. काठावर उभं राहून पाहिलं की दोन्ही बाजूंचं म्हणणं अपुरं वाटतं. गच्च कांदळवनात रातबगळे आणि पाणकावळे सुखी असतात, पण शेकाट्याला उघडा चिखल लागतो आणि बदकांना मोकळं पाणी. पावसाच्या पाण्यालाही दारापर्यंत मोकळी वाट हवी. काठाचं कांदळवन राखून मधला प्रवाह दारापर्यंत साफ ठेवला आणि झडपा नीट लागतील-उघडतील अशा केल्या, तर पूर आणि पक्षी दोन्ही एकाच कामात सांभाळले जातात.

जायचं असेल तर वाशी आणि सीवूड्स स्थानकांवरून रिक्षा मिळते. खाडीत होडीतून रोहित पाहायचे असतील, तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून फेऱ्या निघतात. तिथेही वेळ भरतीच ठरवते. चिखलात उतरू नये, थव्यावर ड्रोन नेऊ नये, आणि पाम बीचवर गाडी कडेला लावून रस्ता अडवू नये. पक्षी मोजून झाले की तलावाच्या भिंतीवरची पाण्याची ओली रेघही पाहावी. भरती-ओहोटीच्या मध्ये ती खाली सरकली, तर तलाव रिकामा होतो आहे आणि पुढच्या पावसाला जागा आहे. सरकली नाही, तर वॉर्ड ऑफिसात तक्रार नोंदवायला पावसाळ्याची वाट पाहण्याचं काही कारण नाही.