समुद्राचा हिशोब

मैत्रिणींनो, होडी दर्यात गेली की आपला जीव टांगणीला. हैदराबादची इन्कॉइस संस्था समुद्रातल्या प्रवाहांचा अंदाज सांगते, तो काढतात कसा, हे आम्ही समजून घेतले. संगणक आजच्या पाण्यावरून उद्याचे पाणी गणिताने काढतो. पण आपल्या गटाच्या वहीसारखेच आहे, आजची चूक उद्याच्या पानावर चढते. म्हणून खऱ्या मोजणीशी ताळा करतात. आर्गो नावाची तरंगती यंत्रे साधारण दर 10 दिवसांनी 2000 मीटर खोलीवरून वर येताना तापमान आणि खारटपणा मोजतात, उपग्रहामार्फत कळवतात. मोजणीही थोडी चुकतेच बरं का! मग गणितावर किती, यंत्रावर किती विसंबायचे हे तोलून आकडा सुधारतात, नि तिथून पुढचा हिशोब. दोन आर्गोंमध्ये मात्र शेकडो किलोमीटर पाणी असते, तिथे गणिताचाच आधार.