विंचवावरचा नवा लेख आपल्यापर्यंत कसा पोचतो?

आम्ही ग्रंथालयात काम करणारी मंडळी. आमच्याकडे लोक येतात आणि एकच तक्रार करतात, "आमच्या विषयात रोज काहीतरी छापून येतं, आम्हाला ते वर्षभरानं कळतं." आजचं व्याख्यान त्या तक्रारीवरच आहे. उदाहरण एकच घेऊ, पण शेवटपर्यंत नेऊ. समजा, कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारे डॉक्टर आहेत. पावसाच्या तोंडावर त्यांच्याकडे लाल विंचू चावलेली मुलं येतात. त्या उपचारावर जगात कुठंही नवं काही छापलं गेलं, तर त्यांना ते कळायला हवं.

पूर्वी यासाठी 'करंट कंटेंट्स' नावाची साप्ताहिक पुस्तिका यायची. फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफील्ड यांची ती कल्पना. नियतकालिकांची अनुक्रमणिकेची पानं जशीच्या तशी छापायची आणि मागं लेखकांचे पत्ते द्यायचे. वाचकानं खुणा करायच्या, लेखकाला पोस्टकार्ड टाकायचं आणि प्रतीची वाट पाहायची. आजचे ईमेल अलर्ट म्हणजे तीच पुस्तिका, फरक एवढाच की खुणा तुम्ही आधी करून ठेवता. आणि खुणा चुकल्या की सगळंच चुकतं.

आता बघा. पबमेडवर खातं काढलं, शोधाच्या चौकटीत इंग्रजीत 'स्कॉर्पियन' टाकलं आणि खालच्या 'क्रिएट अलर्ट'वर टिचकी मारली. रोज, आठवड्याला की महिन्याला, हे निवडलं की झालं. आम्हीही हौसेनं हेच केलं होतं. मग टपाल येऊ लागलं. विंचवाच्या विषातल्या क्लोरोटॉक्सिनवरचे, मेंदूच्या गाठींशी संबंधित लेख. पीसीआर तपासणीत 'स्कॉर्पियन' नावाचे प्रोब वापरतात, त्यावरचे लेख. विंचवांच्या वर्गीकरणाचे लेख. डॉक्टरांच्या कामाचं त्यात फार थोडं. दोन महिन्यांत माणूस ती ईमेल न उघडताच पुसायला लागतो, आणि मग अलर्ट असून नसल्यासारखा.

म्हणून शब्द आवळायचे. 'स्कॉर्पियन स्टिंग' दुहेरी अवतरणचिन्हांत, किंवा 'स्कॉर्पियन एनव्हेनोमेशन', कारण दंशाला दोन्ही शब्द चालतात. दोहोंच्या मध्ये मोठ्या अक्षरांत 'ऑर'. 'नॉट' मात्र आम्ही सहसा लावू देत नाही. नको असलेला शब्द हव्या असलेल्या लेखातही एखाद्या वाक्यात येतोच, आणि तो लेख गुपचूप गळतो. नको ते चार लेख आलेले परवडले, हवा तो एक गेलेला नाही परवडत.

खरी गंमत पुढं आहे. आपल्याकडच्या लाल विंचवाचं शास्त्रीय नाव जुन्या लेखांत 'ब्यूथस टॅम्युलस', नंतर 'मेसोब्यूथस टॅम्युलस', आणि आता 'होटेंटोटा टॅम्युलस'. विंचू तोच! नावावर अलर्ट लावायचा तर तिन्ही नावं द्यावी लागतात, आणि उद्या चौथं आलं तर पुन्हा पंचाईत.

इथं दुसऱ्या जातीचा अलर्ट कामाला येतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरल्याचा अनुभव 1986 साली 'लॅन्सेट'मध्ये छापला. पुढं 2011 मध्ये 'बीएमजे'त त्यांची 70 रुग्णांची चाचणी आली, नुसतं प्राझोसिन विरुद्ध प्राझोसिन आणि प्रतिविष. या विषयावर नव्यानं लिहिणारा माणूस, विंचवाला काहीही म्हणो, हा लेख संदर्भात घेण्याची शक्यता मोठी. तेव्हा गूगल स्कॉलरवर हा 2011 चा लेख शोधायचा, त्याखालच्या 'साइटेड बाय'वर जायचं आणि तिथं अलर्ट लावायचा. यापुढं कोणीही त्याचा आधार घेतला की ईमेल येईल. आमच्या मते ज्याला एकच अलर्ट लावायचा आहे त्यानं हा लावावा.

लेख कळला, पण वाचायचा कसा? 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना 2025 पासून सुरू झाली, पण ती सरकारी शिक्षणसंस्था आणि प्रयोगशाळांसाठी आहे. तालुक्यातल्या खासगी दवाखान्याला तिचा उपयोग नाही, आणि हे आम्हाला खटकतं. पबमेडच्या नोंदीत 'फ्री पीएमसी आर्टिकल' दिसतंय का ते आधी पाहा. नसेल तर पत्ता दिलेल्या लेखकाला दोन ओळींची ईमेल करा. पोस्टकार्डाची रीत अजून चालते बरं का.

एक गोष्ट मात्र घाईत राहून जाते. 22 मे 2020 रोजी 'लॅन्सेट'मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर लेख आला. कोविडच्या रुग्णांना त्यानं धोका वाढतो असं त्यात म्हटलं होतं. तीनच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग थांबवल्याचं जाहीर केलं. 3 जूनला तो पुन्हा सुरू झाला आणि 4 जूनला लेखच मागं घेतला गेला, कारण मूळ आकडेवारी पडताळून पाहता येईना. आता विचार करा, ज्यांना 22 मेच्या लेखाची ईमेल आली, त्यांना 4 जूनची आली का? माघारीची सूचना वेगळी छोटी नोंद म्हणून छापली जाते. ती तुमच्या शब्दांत बसलीच तर येते, तीही दहा नोंदींच्या गर्दीत. त्यामुळे कामाचे लेख झोटेरोसारख्या मोफत संग्रहात ठेवा. मागं घेतलेला लेख असेल तर तिथं लाल पट्टी दिसते. आणि औषधाची मात्रा एखाद्या लेखावरून बदलणार असाल, तर त्या दिवशी पबमेडवरची त्याची नोंद पुन्हा उघडून पाहा.

मागच्या रांगेतून चिठ्ठी आलीय, "एकूण अलर्ट किती ठेवावेत?" आमच्या डॉक्टरांसाठी तीन. पबमेडचा आठवड्याचा एक, त्या 2011 च्या लेखावरचा एक, आणि आवडत्या एका नियतकालिकाच्या अनुक्रमणिकेचा एक. महिनाभर एखादा उघडलाच गेला नाही, तर तो बंद करा आणि शब्द बदलून नवा लावा. ईमेल येतच नसेल तर आधी स्पॅमची पेटी बघा, बहुतेक वेळा तिथंच सापडते.