प्रायमर छोटा की मोठा? आणि परभणीत हा प्रश्न कुठं येऊन थांबतो

ज्यांना हेडफोन लावायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.

अमेरिकेतले लोक घरच्या टेबलावर शिकारीची काडतुसं भरतात, ते व्हिडिओ आपल्याकडची पोरंही बघायलेत. त्यात एक प्रश्न सारखा येतो: प्रायमर कोणत्या साइजचा घ्यायचा? आधी तो समजून घेऊ, मग आपल्या जिल्ह्याकडं येऊ.

ठासणीच्या बंदुकीवर एक छोटी टोपी चढवायचे, आठवतं का? घोडा टोपीवर पडला की ठिणगी आत जायची आणि बार उडायचा. प्रायमर म्हणजे त्याच टोपीची पुढची पिढी. काडतुसाच्या बुडाला मधोमध एक खळगा असतो, त्यात ही धातूची वाटी बसते. चाप ओढला की पिन वाटीवर आपटते, आतला मसाला पेटतो, ज्वाळा भोकातून दारूपर्यंत जाते.

रायफलसाठी मुख्य साइज दोनच. छोटा ०.१७५ इंच व्यासाचा, मोठा ०.२१० इंचाचा. .२२३ रेमिंग्टनला छोटा लागतो; .३०८ विंचेस्टर आणि .३०-०६ ला सहसा मोठा. ही निवड आपल्या आवडीची नाही, खळगा जेवढा तेवढाच प्रायमर. टाइप-सी पोर्टला जुनी पिन बसत नाही, तसंच. गंमत म्हणजे .३०८ ची काही खास पितळी केस छोट्या प्रायमरचीही निघते. म्हणून नावावर न जाता केस बघावी लागते.

खरा धोका आहे तो 'बसला म्हणजे चालला' या समजुतीत. छोटा पिस्तूल प्रायमर आणि छोटा रायफल प्रायमर यांचा व्यास सारखाच, पण पिस्तुलाच्या प्रायमरची वाटी पातळ असते. .४५ एसीपी पिस्तुलाच्या काडतुसात दाबाची मर्यादा २१,००० पीएसआय, .३०८ मध्ये ६२,०००. आपल्या कारच्या टायरमध्ये साधारण ३३ असतात, यावरून अंदाज घ्या. पातळ वाटी एवढ्या दाबाला फुटली तर तापलेला वायू मागं येतो, आणि मागं आपला चेहरा असतो.

दुसरा फरक साध्या आणि मॅग्नम प्रायमरचा. साइज तीच, पण मॅग्नमची ज्वाळा जास्त गरम आणि जास्त वेळ टिकणारी. भरपूर, सावकाश जळणारी दारू किंवा कडाक्याची थंडी असेल तर तो वापरतात. थंड प्रदेशातल्या शिकाऱ्याचा सल्ला परभणीच्या मे महिन्यात उचलून चालत नाही. पारा चाळिशीपार गेला की बऱ्याच दारूंचा दाब आधीच वाढलेला असतो. त्यात साध्याच्या जागी मॅग्नम घातला की भर पडते. कोडमध्ये एक लायब्ररी बदलली की सगळ्या टेस्ट परत चालवतो ना? इथंही एक भाग बदलला की दारूचं माप खाली आणून नव्याने तपासावं लागतं. फरक एवढाच की इथं क्रॅश झालं तर रिस्टार्ट नाही.

आता आपल्याकडं येऊ. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो. बंदुकीचा परवाना वेगळा, हा वेगळा. बिनपरवाना बनवलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. 'व्हिडिओ बघून ट्राय केलं' हे कोर्टात चालत नाही. परवानाधारकाला काडतूस तयार मिळतं. .३०३ हा लष्करी बोअर सामान्य नागरिकाला बंद, म्हणून आपल्याकडं .३१५ रायफल दिसते. काडतुसं बनवणारे सरकारी कारखाने आपल्याच राज्यात आहेत: खडकीचा १८६९ पासूनचा, आणि जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा. तिथं वाटी, मसाला, दारू एकमेकांना जुळवून तपासलेली असतात.

आणि शिकार? वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ९ ने ती बंदच आहे. पण रानडुकरं रात्रीत हरभरा उकरून टाकतात, रोही तूर खातात, त्या शेतकऱ्यानं काय करायचं? कलम ११ मध्ये पिकाचं नुकसान करणाऱ्या काही प्राण्यांसाठी वनविभागाची लेखी परवानगी मिळू शकते. रानडुक्कर आणि रोही त्यात येतात. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. पिकाच्या नुकसानीसाठी त्याला मारायची परवानगी कायद्यात नाहीच.

म्हणजे रात्री जागलीवर बसलेल्या माणसाला प्रायमरच्या साइजपेक्षा हे जास्त कामाचं: नुकसान दिसलं की फोटो काढा, वनपरिक्षेत्र कार्यालयात लगेच अर्ज द्या, पंचनामा करून घ्या. भरपाई तिथूनच मिळते आणि परवानगीचा रस्ताही तिथूनच सुरू होतो. गावात कुणी घरी काडतूस भरायच्या नादात असेल, तर त्याला हा भाग पाठवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!