शेवट कळला? तरी खेळा!

परवा माझा भाचा तोंड फुगवून बसला होता. "काय रे, काय झालं?" असं विचारताच उसळलाच. "मामा, वर्गातल्या एकानं सगळं सांगून टाकलं! आता तो गेम खेळण्यात काय मजा?"

गेमचे नाव 'फायनल फँटसी सेव्हन'. जपानच्या स्क्वेअर कंपनीने तो १९९७ साली प्लेस्टेशनसाठी काढला. आज तो संगणकावरही खेळता येतो. आणि फुटलेले गुपित असे : एरिथ नावाची मुलगी गोष्टीच्या मध्येच मरते. (ज्यांना ठाऊक नव्हते त्यांनी माफ करावे, पण पुढे वाचाच!)

मित्रांनो, भाच्याला कळले ते फक्त एक वाक्य. खेळ त्याहून खूप मोठा आहे. मिडगार या काळवंडलेल्या शहरात एरिथ फुले विकताना भेटते. मग कित्येक तास ती तुमच्यासोबत असते. लढाईत एका वेळी तिघांनाच उतरवता येते. तिला घ्यायचे का, तिच्या हातात कोणती काठी द्यायची, जादूचे कोणते खडे द्यायचे, हे तुम्हीच ठरवता. लढता लढता तिची ताकद वाढते, तीही तुमच्याच मेहनतीने. आणि एक दिवस ती नसते. जखमी गड्यांना बरे करण्यात तरबेज असलेली तिची जागा रिकामी! ही रुखरुख कुणी सांगून कळत नाही.

संगीताचेच पाहा ना. ते नोबुओ उएमात्सु यांचे. एरिथ जाते आणि लगेच एका राक्षसाशी लढाई जुंपते. एरवी लढाई म्हटली की धडाडधूम संगीत. इथे मात्र एरिथचीच संथ धून वाजत राहते. हात बटणांवर आणि डोळ्यांत पाणी! हे कोण कसे 'फोडणार'?

अभिमन्यू चक्रव्यूहातून परत येत नाही, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. तरी कीर्तनकार तिथवर आले की आपण श्वास रोखतोच ना? या गेमचेही तसेच. २०२० आणि २०२४ साली त्याच्या नव्या रूपाचे दोन भाग आले. जुनी गोष्ट पाठ असलेल्यांनीही ते आवडीने खेळले.

पालकहो, एक शब्द तुमच्याशी. अमेरिकेत हा खेळ तेरा वर्षांपुढच्यांसाठी ठरवला आहे, तेव्हा धाकट्यांना थोडे थांबू द्या. मूळ खेळात पात्रांना आवाज नाही; सारे संवाद वाचावे लागतात. खेळ लांबलचक आहे, पण मध्ये जपून ठेवता येतो. त्यामुळे रोज थोडाच वेळ, हा नियम सहज पाळता येईल.

महिन्याभराने भाच्याचा फोन आला. आवाज जरा जड होता. "मामा, ती जाणार हे माहीत होतं. तरी प्रत्येक लढाईत मी तिलाच घेत होतो."

"मग? फुकट गेलं का सगळं?"

"छे! माहीत होतं म्हणूनच तर घेत होतो!"